अश्विनीची झाडं

अश्विनीच्या झाडांवर दगडफूल जास्त सापडतं, हे मला तिसऱ्या दिवशीच खुपायला लागलं. मसाल्यात घालतो तेच हे दगडफूल. जंगलात मात्र त्याच्या नाना जाती असतात, कुठे सालीवर नुसता पांढरा चट्टा, कुठे पानासारखी झालर, कुठे फांदीवरून लोंबणारी दाढी. रतनवाडीच्या रानात त्या मोजायला आमच्या कॉलेजातून आम्ही दोघीच आलो होतो. रोज सकाळी उतारावरची झाडं निम्मी निम्मी वाटून घ्यायची आणि संध्याकाळी जाती मोजायच्या. माझ्या चार भरल्या, तर तिच्या नऊ. पुढच्या वर्षी सगळ्या घाटाच्या पाहणीला कॉलेजातून एकच जण जाणार होतं. इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर तो मान माझाच होता. ही सोनई गावची पोर कालपरवा नोकरीला लागलेली!

"तिला नजर आहे," आमचे विभागप्रमुख सर फोनवर म्हणाले. मग आमचे काय डोळे फुटले होते?

त्यातून ती वागायला इतकी गोड, की भांडायलाही जागा नाही. शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको, हे मी लहानपणी चर्चमध्ये पाठ केलंय. दगडफुलाचा उल्लेख त्यात नाही.

मुक्काम छबूबाईंच्या घरी होता. एका सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "ती ताई रोज उजाडलं की रानात जाती. चा बी घेत न्हाई. लई कामाची हाय."

चहा मला कडू लागला. म्हणजे बाईसाहेब माझ्याआधी जाऊन चांगली झाडं हेरून ठेवतात तर!

त्या दिवशी मी तिच्या मागोमाग गेले. झाडाला जाळीची चौकट बांधायची, जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर, आणि चौकटीत येईल तेवढंच मोजायचं, अशी आमची पद्धत. तिची चौकट माझ्या डोक्याच्याही वर होती. चोर सापडला! स्वतः ताडमाड, म्हणून चौकट वर बांधते. खाली सगळं शेवाळ, वर दगडफूलच दगडफूल.

"ही उंची नियमात बसते का गं?" मी टेप काढली. माझ्या पायापासून चांगली दोन वीत जास्त भरली. मला झालेला आनंद मी लपवलासुद्धा नाही.

टेपचं टोक तिनं माझ्या पायाजवळून उचललं, झाडाला वळसा घालून चढाच्या बाजूला गेली आणि तिथल्या जमिनीला टेकवलं. उंची तंतोतंत बरोबर.

उतारावरचं झाड वरच्या बाजूच्या जमिनीपासून मोजायचं. हे पहिल्या दिवशी तिला मीच शिकवलं होतं. पण मी सावेडीच्या सपाट रस्त्यांवर वाढलेली. वरच्या बाजूला पाय घसरतो म्हणून मी रोज खालीच उभी राहून टेप लावत होते. माझं एकूण एक झाड चुकलं होतं.

"सगळी परत करावी लागणार," मी म्हणाले.

"झालीत, मॅडम," ती खाली बघत म्हणाली. "सकाळी तीच करत होते. तुमच्याच नावावर टाकलीत. तुमच्या एका झाडावर दाढीसारखं मिळालंय, तसं बाकी कुठंच नाही. सरांना कालच फोटो पाठवला."

संध्याकाळी रेंज येते त्या वळणावर आम्ही दोघी उभ्या असताना सरांचा फोन आला. "दीना मॅडम, कमाल केलीत! घाटाला तुम्हीच जायचं."

हवं ते हातात आलं होतं, पण तिनं वाढलेलं. तिच्या उपकारावर घाट बघायचा? मेले तरी नाही.

"सर, ते अश्विनीनं शोधलंय. माझी झाडंसुद्धा तिनंच केलीत."

हे मी चांगुलपणानं बोलले, असं कुणी समजू नये.

"किती मोठं मन तुमचं, मॅडम," सर म्हणाले. समोर अश्विनीचे डोळे भरून आले होते. तिनं माझा हात धरला. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता. घाटाला आता तीच जाणार होती.