गवताची गाठ

मी कृष्णकांत. सावनेरच्या एका कापसाच्या जिनात एकतीस वर्षं प्रेस-फिटर होतो. रुई दाबून तिची गाठ बांधायची, हेच माझं काम आणि हाच माझा गर्व. या विषयात मला शहाणपण शिकवणारा माणूस आमच्या खाप्यात जन्मलेला नाही, अशी माझी खात्री होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी जी फजिती झाली ती वाचताना तुम्हाला मजा येईल.

माझी सून मिनल मेकॅनिकलची इंजिनिअर. हिंगण्याच्या ज्या कारखान्यात ती होती तो गेल्या वर्षी बंद पडला. मुलगा पियुष घरातूनच लॅपटॉपवर काम करतो, त्याला गाव कोणतंही चालतं. मिनलला मात्र रिकामं बसवत नाही. कन्हान नदीच्या काठाला, उतारावर, आमच्याकडे गवत मायंदाळ. दसरा झाला की पंचफुलाबाईंच्या गटातल्या वीस बाया ते विळ्यानं कापतात, वाळवतात, आणि मग ते तिथंच पडून राहतं. सुटं गवत ट्रकात भरलं तर ट्रक भरतो, वजन काही भरत नाही. ट्रॅक्टरमागे लावायचं गाठी बांधायचं मशीन त्या दगडगोट्यांवर चढत नाही. शेवटी होळीच्या आत कोणीतरी विडी टाकतो आणि बायांची महिनाभराची मेहनत जळून जाते.

मिनलनं इंटरनेटवर एक जुनं चित्र पाहिलं. दीड-दोनशे वर्षांपूर्वी परदेशातले शेतकरी घोड्याच्या जोरावर गवताच्या गाठी बांधत, त्या लाकडी प्रेसचं.

"मामाजी, याले ना डिझेल लागत ना लाईट," ती म्हणाली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. "लाकूड लागते अन् बैल लागते. दोन्ही आपल्या गावात हाय."

महिनाभरात आमच्या गोठ्याशेजारी दोन पुरुष उंचीची सागवानी पेटी उभी राहिली. वरून उघडी, खाली दार. पेटीच्या वर कप्पी, कप्पीवरून दोर, दोराला दोन क्विंटलचा बाभळीचा ओंडका. बाजूला रहाट. शेजारच्या लहानूचा बैल रहाटाभोवती गोल फिरला की दोर गुंडाळला जाई आणि ओंडका वर चढे. टोकाला पोचला की खटका सुटे आणि ओंडका धाडकन खालच्या गवतावर पडे. पुन्हा गवत टाकायचं, पुन्हा बैल, पुन्हा धाडकन.

मला ते बघवेना. "ठोकून कधी गाठ होते का?" मी म्हणालो. "गाठ दाबा लागते. हळूहळू, स्क्रूनं."

माझा मान राखायला तिनं स्क्रूही लावून पाहिला. एका गाठीला अर्धी सकाळ गेली आणि स्क्रू सैल करताच गवत जसंच्या तसं वर आलं.

"रुई मऊ असते, मामाजी," ती म्हणाली. "गवताची काडी अकडू. तिले आधी मोडा लागते, मंग ते दबते."

"म्हणजे यांच्यासारखीच हाय म्हना," माझी बायको जिजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

स्क्रू निघाला, ओंडका परत आला. त्याच आठवड्यात चाकणच्या एका कंपनीचं पत्र आलं. पगार चांगला, घर कंपनीचं. पंधरा डिसेंबरच्या आत होकार कळवायचा. मिनलनं आम्हाला बसवून सरळ सांगितलं, नागपुरातल्या जरीपटक्याचे मधुसूदनजी डेअरीवाले, त्यांचा दोनशे म्हशींचा गोठा कळमन्याच्या पुढे आहे. त्यांनी आपल्या गाठी पसंत केल्या तर ती इथंच राहील आणि हेच काम करील. नाही केल्या तर ती आणि पियुष चाकणला जातील.

मी "बरं" म्हणालो. मनातून हललो होतो. ही पोरगी घरात आल्यापासून माझ्याशी भांडायला कोणीतरी बरोबरीचं होतं. ती गेली की मी, जिजाबाई आणि टीव्हीवरच्या मालिका. त्या मालिकांतल्या सासूला मी तसाही वैतागलो आहे.

तर तिचं काम व्हावं म्हणून मी कंबर कसली, आणि तिथंच माती खाल्ली.

गाठी होत होत्या, पण ढिल्या. वरून दोर घालायला ओंडका उचलावा लागे, आणि तो उचलला की गवत वीतभर फुगे. आता जिनातला कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल की कोरडी रुई नीट बसत नाही. तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारतात, मग ती शहाण्यासारखी दबते. मी आयुष्यभर तेच केलं होतं. रोज सकाळी मिनल अंघोळीला गेली की मी झारी घेऊन गोठ्यात जायचो आणि त्या दिवसाच्या गवतावर बेताचं पाणी शिंपडायचो. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं, आणि मला ते तिला यश मिळाल्यावर, मिशीवर हात फिरवत सांगायचं होतं.

गाठी खरंच घट्ट आल्या. मिनल खूष. नमुन्याच्या दहा गाठी गाडीत घालून मधुसूदनजींकडे गेल्या. मी जिजाबाईला म्हणालो, "पाहून घे वं, हे अनुभवाचं काम असते."

सहाव्या दिवशी मधुसूदनजींचा फोन आला. मिनलनं स्पीकरवर लावला, चांगली बातमी सगळ्यांनी ऐकावी म्हणून.

"मॅडम, तुमच्या गाठीतून वाफ निघून राहिली," ते म्हणाले. "आत हात घालवत नाही इतकं गरम. पांढरी बुरशी, वास असा की म्हशी तोंड फिरवून राहिल्या. मले म्हशी पाळायच्या हाय, हवन नाही करायचं. राहू द्या आता."

मिनलचा चेहरा उतरला. मला लगेच झारी आठवली. रुई ओली दाबली तर फार तर वजन वाढतं. पण गवत म्हणजे चारा. ओलं कोंडलं की ते कुजतं आणि आतून तापतं. घरी शेणखताचा खड्डा असलेल्या माणसाला हे कळायला पाहिजे होतं. मला कळलं नाही, कारण मी गवत पाहतच नव्हतो, मला रुईच दिसत होती.

दोन दिवस मिनल चूक शोधत राहिली. ओंडक्याचं वजन पुन्हा केलं. पेटीला हवा लागत नाही म्हणून तसं असेल, असं म्हणून फळ्यांना भोकं पाडली. गवत कापायची तारीख, वाळवायचे दिवस, सगळं पंचफुलाबाईंना बसवून विचारलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "बाई, कडकडीत वाळवलं होतं वं, शपथ घेऊन सांगतो." आणि मी कोपऱ्यात बसून पेपर वाचत होतो. वाचत कसला, धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "मामाजी, मले वाटते डिझाईनच चुकलं. मी चाकणले हो म्हणून टाकतो."

जिजाबाई आत गेली आणि झारी घेऊन बाहेर आली. तिनं ती माझ्यापुढे ठेवली. बायकोला सगळं ठाऊक असतं. ती फक्त वेळ बघत असते.

मी सांगून टाकलं. रोजची झारी, रुईचा फवारा, मिशीवर फिरवायचा हात, सगळं. म्हणालो, "तुझं डिझाईन नाही चुकलं, बाई. तुझा सासरा चुकला."

मिनलनं झारी उचलून बाजूला ठेवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "दोन दिवस मी त्या पंचफुलाबाईवर शक घेऊन राहिली होती, मामाजी. त्या बाईले माफी मागा आधी."

मी गेलो. भर गटात, वीस बायांसमोर माफी मागितली. त्यांनी मला चहा पाजला आणि यथेच्छ हसल्या. ते मला लागलं, पण लागायलाच हवं होतं.

परत आलो तर मिनल प्रेससमोर उभी. "पण पाण्याबिगर गाठ टिकतच नाही ना," ती म्हणाली. "दोर घालाले ओंडका उचलला की झालं, फुगली."

आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्या पेटीत गवत दिसलं.

"मंग उचलता काहून?" मी म्हणालो.

"दोर कसा घालायचा?"

"जिनात आम्ही दाब सोडून गाठ बांधत नाही. कधीच नाही. वरच्या पाट्याले खाचा असतात, खालच्याले खाचा असतात. पट्टी त्या खाचेतून जाते. गाठ दबलेली असतानाच बांधायची, मंग दाब सोडायचा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "हे तुम्ही महिनाभर काहून नाही सांगितलं?"

"तू ठोकून राहिली होती ना. मले वाटलं, ठोकणाऱ्याले दाबणाऱ्याची अक्कल काय कामाची."

हे खरं होतं. मी महिनाभर फुगून बसलो होतो, गवतापेक्षा जास्त.

मग मात्र आम्ही दोघांनी हात चालवले. मी पटाशी काढली आणि ओंडक्याच्या पोटाला, पेटीच्या तळाला चार-चार खाचा पाडल्या. मिनलनं पेटीच्या दोन्ही अंगांना भोकं घेतली. शेवटचा ठोका बसला की त्याच क्षणी ओंडक्याच्या वरून दोन लोखंडी खुंट्या आरपार सारायच्या. ओंडका अडकला, गवताला फुगायला जागाच नाही. मग निवांत खाचांतून काथ्याचा दोर ओवायचा आणि गच्च बांधायचा. गवत कडकडीत कोरडं. लहानूचा बैल फिरला, ओंडका पडला, काड्या मोडल्याचा आवाज आला, खुंट्या बसल्या. दार उघडून गाठ बाहेर काढली तर चार कोपरे चार ठिकाणी, विटेसारखी. लहानूनं तिच्यावर उडी मारून पाहिली. दोर तुटला नाही की गाठ हलली नाही. मिनल जमिनीवर बसली आणि हसत सुटली. इतकं मोकळं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

मधुसूदनजींकडे मी स्वतः गेलो, एकटा. पाण्याची चूक माझी, सुनेची नाही, आणखी एक वेळ पाहा, असं सांगितलं. ते म्हणाले, "चौदा तारखेला ट्रक आणा. पण ट्रकवरून मी स्वतः गाठ फेकन. सुटली तर ट्रक वापस."

चौदा तारखेला नव्वद गाठींचा ट्रक खाप्याहून निघाला. सुटं गवत असतं तर याच मालाला तीन ट्रक लागले असते. केबिनमध्ये ड्रायव्हर, मी आणि मिनल. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती मागे वळून गाठी पाहत होती.

कळमन्याच्या पुढच्या त्या गोठ्यात मधुसूदनजी पांढऱ्या पायजम्यात ट्रकच्या टपावर चढले. सगळ्यात वरची गाठ उचलली आणि सिमेंटच्या फरशीवर फेकली. ती आदळली, एकदा उलटली आणि पडून राहिली. दोर जसाच्या तसा. त्यांनी दुसरी फेकली. मग ट्रकच्या मधून, आम्ही निवडलेली नाही अशी तिसरी ओढून काढली आणि जोर लावून फेकली. तीही तशीच. खाली उतरून त्यांनी एका गाठीचा दोर कापला, आतून मूठभर गवत काढलं, वास घेतला आणि जवळच्या म्हशीपुढे धरलं. म्हशीनं ते ओढून घेतलं आणि पुढच्या घासासाठी दावं ताणलं.

"एकदम सुकं," ते म्हणाले. "आठवड्याले एक ट्रक. उन्हाळ्यात दोन. चालन?"

"चालन," मिनल म्हणाली.

"मशीन कुठून आणली?"

माझी छाती अशी भरून आली की शर्टाची बटणं टिकतील का असं वाटलं. एकतीस वर्षांत मोठमोठे इंजिनिअर आमच्या जिनात आले. मी एकालाही मनातून मानलं नव्हतं.

"आणली नाही," मी म्हणालो. "हिनं बनवली. माझी सून हाय. मी हिच्या हाताखाली फिटर आहो."

परतीच्या वाटेवर ट्रक रिकामा खडखडत होता. मिनलनं मोबाईल काढला आणि टाईप करायला लागली. संपल्यावर मला वाचून दाखवलं. चाकणच्या कंपनीला चार ओळी होत्या, इंग्रजीत, नम्रपणे दिलेला नकार. खाली तिनं कारण लिहिलं होतं की माझं काम खाप्यात सुरू झालं आहे आणि घरच्या फिटरला सोडून येता येत नाही.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. पण डोळ्यांतलं पाणी काही लपलं नाही. ड्रायव्हरनं विचारलं, "काय झालं गा काका, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय गा," मी म्हणालो. "सून घरी राहून राहिली."