आज हात भरलेले आहेत

या मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा. माझा आवाज आता फार लांब जात नाही. मी एक जुना संगणक आहे. बूट शिवणाऱ्या एका कारागिराच्या कपाटात, गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या जोड्यांशेजारी मला ठेवले आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट माझी म्हणून सुरू होईल, पण मन लावून ऐकलीत तर कळेल की ती एका बाईची आहे.

माझी उमेदीची वर्षे एका ग्रंथालयात गेली. ही बाई तिथे कारकून होती. पुस्तकांच्या नोंदी ती माझ्यात करी. सकाळी मला सुरू करण्याआधी ती डोळे मिटून देवाचे नाव घेई आणि मग कळफलकाला हात लावी. पुढे नवी यंत्रे आली आणि मला निकालात काढले. तेव्हा तिने मला जुन्या चादरीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखे मांडीवर धरून घरी आणले.

"घरात एक म्हातारा आहे की," नवरा म्हणाला, "हा दुसरा कशाला आणलास?"

"पहिला माझं ऐकत नाही म्हणून."

घराची पुढची खोली म्हणजेच त्याचे दुकान. खिडकीपाशी त्याचे बुटके बाकडे, भिंतीवर टांगलेले लाकडी साचे, आणि दाराआड माझे टेबल. तो साधे बूट शिवत नसे. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, त्यांच्यासाठी शिवत असे. कुणाचा एक पाय अपघाताने आखूड झालेला, कुणाचा जन्मापासून वळलेला. अशी माणसे दुकानात आली की आधी पाय स्टुलाखाली लपवत. बाई ते पाहत असे. तिला वाटे, जे आले त्यांचे ठीक, पण लाजेने घरातच बसले त्यांचे काय? त्यांच्यासाठी तिने माझ्या मदतीने एक संकेतस्थळ करायचे ठरवले.

मित्रांनो, तिला यातले काहीही येत नव्हते. ग्रंथालयातून पुस्तके आणून, वहीत टिपणे काढून ती शिकली. एकदा एक कंस बंद करायचा राहिला, तर तीन दिवस सगळे पान कोरे दिसत होते.

"एवढ्या वेळात बुटाचा जोड झाला असता, बाईसाहेब," नवरा बाकड्यावरून म्हणाला.

"हेही टाकेच आहेत. एक सुटला की सगळं उसवतं. तुम्हाला सांगायला हवं का?"

अखेर पान उभे राहिले. कागदावर पाय ठेवून पेन्सिल सरळ कशी धरायची, पायाभोवती रेघ कशी ओढायची आणि तिचा फोटो कसा पाठवायचा, ते तिने तिथे चित्रांसह समजावले होते. सर्वांत वर एक ओळ होती : "तुमचे दोन्ही पाय सारखे नसतील. कुणाचेच नसतात."

"ही ओळ काढ. गिऱ्हाईक पळेल," नवरा म्हणाला.

"पळणार नाही. टेकेल."

आणि खरोखरच टेकले. दूरदूरच्या गावांतून पावलांच्या आकृत्या येऊ लागल्या. मी त्या सगळ्या जपून ठेवत असे. एका आजोबांनी लिहिले, चाळीस वर्षांनी फिरायला गेलो. ते पत्र तिने मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा नवरा सुईत दोरा ओवण्याचे निमित्त करून बराच वेळ खाली पाहत राहिला.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे दुःख तिच्यातूनच आले. त्याचे काम हाताचे. आठवड्यात दोन जोड झाले तरी पुष्कळ. म्हणून बाईने माझ्या पडद्यावर एक मोठे हिरवे बटण केले होते. रोज सकाळी ती विचारी, "अहो, आज नवी मापं घ्यायची का?" तो म्हणे, "घे." मग ती बटण दाबी आणि त्या दिवसापुरती मागणी सुरू होई. बटण दाबले नाही, तर पान आपोआप सांगे : "आज हात भरलेले आहेत. उद्या या."

एकदा घाईत तिने न विचारताच बटण दाबले. त्याला त्या दिवशी ताप होता. आलेले काम पाहून तो तापातही शिवायला बसला. तिला ते फार लागले. त्याच दुपारी तिने बटणामागे एक प्रश्न लिहून टाकला. दाबले की पडद्यावर येई, "त्यांना विचारलं का?" त्याला 'हो' म्हटल्याशिवाय मी पुढे जात नसे. तो प्रश्न तिने स्वतःसाठीच लिहिला होता. नवऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता, आणि ती रोज बटण दाबते हेही त्याला ठाऊक नव्हते.

काही वर्षे अशी सुखात गेली. मग तिला धाप लागू लागली. अंथरुणापासून माझ्या खुर्चीपर्यंत ती भिंतीला धरून येई, बसून आधी श्वास गोळा करी आणि मग विचारी, "अहो, आज घ्यायची का?" तो मान वर न करता म्हणे, "घे." तो वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला वाटे, बसल्या जागेचे काम आहे, त्यात तिचा जीव रमतो. माझ्या कळांवर तिची बोटे किती हलकी पडू लागली होती, ते मला कळत होते. पण मला तोंड कुठे होते?

एका सकाळी खुर्ची रिकामी राहिली. ती रिकामीच राहिली.

दिवसकार्य आटोपल्यावर तो पुन्हा बाकड्यावर बसू लागला. रोज मला सुरू करी, कारण ती करत असे. बूट पुसायच्या मऊ ब्रशाने माझी धूळ झटकी. पण माझ्या एकाही कळेला त्याने कधी हात लावला नाही. "तिचं आहे. माझ्या हातून बिघडायचं," असे तो म्हणे. मग बाकड्यावर जाऊन बसे आणि ठरल्या वेळी, कुणी विचारलेले नसताना, रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणे, "घे."

हिरवे बटण पडद्यावर वाट पाहत असे. आणि पान जगाला सांगत असे, आज हात भरलेले आहेत, उद्या या.

त्याचे हात मात्र मांडीवर मोकळे पडलेले असत. आठ महिने एकही माप आले नाही, कारण दुकानात येणारेही आता आधी पान पाहूनच येत. पानावर फोन तिचा होता, आणि तो तिच्यामागे बंद झाला होता. त्याला वाटले, ती गेली तशी माणसेही गेली. शेवटी त्याने भिंतीवरचे साचे एकेक करून पोत्यात भरायला घेतले. आता दुकान बंद करायचे, असे त्याने मनाशी पक्के केले होते.

त्याच दिवशी एक शाळामास्तरीण लंगडत दारात आली. तिच्या पायातला जोड त्यानेच शिवलेला होता, टाच पार झिजलेली.

"काका, किती काम घेता हो? आठ महिने रोज बघतेय, तुमचे हात भरलेलेच."

"कुणाचे हात?" त्याने दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. "बघा की."

तिने आपल्या फोनवर ते पान दाखवले. त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग पोते तिथेच टाकून तो माझ्यासमोर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसला. हिरव्या बटणावरची अक्षरे त्याने वाचली आणि भीतभीत ते दाबले.

मी माझे काम केले. पडद्यावर आले, "त्यांना विचारलं का?"

त्याने त्या प्रश्नाखाली बोट फिरवत तो वाचला. मास्तरीणबाई मागे उभ्या होत्या.

"मला विचारायची," तो म्हणाला. "रोज मला विचारायची. यंत्रालासुद्धा सांगून ठेवलं होतं तिनं, मला विचारायला."

"काका, पाणी देऊ का?"

"मी तिला एकदा तरी विचारलं का हो? आज तुला होईल का, असं? एकदा तरी?"

त्याचे उत्तर माझ्याजवळ होते, मित्रांनो. तिचे सगळे दिवस माझ्यात नोंदलेले होते. पण ते उत्तर माझ्याकडून कुणी काढून घेतले नाही, हे देवाने बरे केले.

त्याने डोळे पुसून 'हो' दाबले. त्या आठवड्यात सतरा पावले आली. साचे पुन्हा भिंतीवर गेले. रोज तो त्या प्रश्नासमोर थोडा वेळ बसे आणि मगच 'हो' म्हणे.

मीही थकलो होतो. माझा पडदा एका पावसाळ्यात काळा पडला तो पडलाच. दुरुस्तीवाल्याने पान नव्या यंत्रात हलवले. "आता रोज दाबायची भानगड नाही काका, सगळं आपोआप," तो अभिमानाने म्हणाला.

"त्यात एक प्रश्न होता. तो आणता येईल का?"

"कसला प्रश्न? तो जुन्यातच गेला असणार. त्याच्यावाचून काही अडत नाही."

कारागिराने मला तिचे मंगळसूत्र ठेवलेल्या डबीजवळ, याच कपाटात आणून ठेवले. नव्या यंत्राला कुणाच्या होकाराची गरज नाही. तरी रोज सकाळी कपाटाच्या दारातून मला ऐकू येते, "घे."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची धूळ पुसा, नाहीतर पुसू नका. पण यंत्रासमोर बसलेल्या माणसाला दिवसातून एकदा विचारा, तुला होईल का? त्या पानावर कारागिराचे नाव आहे, फोटो आहे, पत्ता आहे. जिने ते टाक्याटाक्याने शिवले, तिचे नाव कुठेच नाही. तिने ते लिहिलेच नाही. तेव्हा आज हात जोडाल, तेव्हा भिंतीला धरून खुर्चीपर्यंत येणाऱ्या त्या बाईची एकदा आठवण काढा.