डोक्यावर टपल्या खाणारं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे, पण भिंतीवर मानाने बसलेलं नव्हे. मी बुद्धिबळाचं घड्याळ. एका लाकडी पेटीत मला दोन तोंडं आणि प्रत्येक तोंडावर एक खटका. चाल झाली की खेळाडूने आपला खटका दाबायचा. त्याची वेळ थांबते, समोरच्याची सुरू होते. दाबायचा म्हणे! सगळे टपलीच मारतात. चाल चुकते त्यांची आणि डोकं शेकतं माझं.

तरी क्लबात माझा रुबाब होता. वेळ संपत आली की माझी लाल झेंडी वर उचलली जायची, संपली की खाली पडायची आणि भलेभले गप्प व्हायचे. अपवाद एकच, आमचे शिंपी मास्तर. हातातोंडाशी आलेला डाव ते गप्पांपायी घालवायचे आणि वर म्हणायचे, "हे घड्याळच पळतं!" नाचता येईना, अंगण वाकडं!

पुढे विजेवरची घड्याळं आली आणि मला अडगळीत टाकलं. मास्तरांनीच मला घरी नेलं. "माझे इतके डाव खाल्लेत याने, आता माझ्याकडेच राहू दे," म्हणाले. मला भरून आलं. मग त्यांनी मला दुकानाच्या खणात खडू आणि रिकाम्या रिळांमध्ये ठेवलं आणि साफ विसरले. तिथे मला रोज ऐकू यायचं, "उद्या नक्की!" तो उद्या काही उजाडायचा नाही.

एका सोमवारी क्रिकेट संघाचा कप्तान कापड घेऊन आला. शनिवारी सकाळी सामना, सगळ्या संघाचे शर्ट हवेत.

"उद्याच देतो!" मास्तर म्हणाले.

शेजारी काज-बटणं करणाऱ्या त्यांच्या बायकोने सुई खाली ठेवली. कप्तान जाईपर्यंत बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे काम चुकलं तर दुकानाला कुलूप. दादाच्या कारखान्यात जागा आहे, तिथे जा मुकाट्याने."

मेहुण्याच्या हाताखाली! मास्तरांचा चेहरा एवढासा झाला.

बाईंनी खण उघडून मला बाहेर काढलं आणि किल्ली दिली. "हात चालतोय तोवर हे डावं तोंड चालेल. तुमचं तोंड सुटलं की मी उजवं सुरू करणार. उजवी झेंडी शनिवारच्या आत पडली, की दादाला निरोप!"

काय सांगू मित्रांनो, त्या आठवड्यात मी जन्मभराच्या टपल्या खाल्ल्या! मास्तरांनी "तुम्हाला सांगतो..." म्हटलं की बाईंची टपली. मास्तर दचकून मशीनकडे वळले की त्यांची टपली. शेजारच्या न्हाव्याला ते वाघाची गोष्ट सांगत होते. वाघ झेप घेणार इतक्यात माझी झेंडी वर उचललेली दिसली. "पुढचं रविवारी!" म्हणून मास्तरांनी तोंडात टाचण्या धरल्या. बिचारा न्हावी चार दिवस वाघासाठी तळमळत होता.

शनिवारी सकाळी शर्ट तयार! झेंडी वरच होती. मास्तर गठ्ठा आणि मला काखोटीला मारून मैदानावर धावले. मैदानात चिटपाखरू नाही. कप्तान एकटाच फेऱ्या मारत होता.

"सामना पुढच्या शनिवारी आहे, मास्तर," तो खाली बघत म्हणाला. "काकू आधीच भेटल्या होत्या. म्हणाल्या, मास्तरांना सामना एक आठवडा आधीचा सांग."

मास्तर तडक दुकानात आले. बाईंना म्हणाले, "अगं, माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"नसता तर दादाला सोमवारीच होकार दिला असता," बाई म्हणाल्या. "आठवडाभर रात्री उठून मी झेंडी बघत होते. तुम्ही कारखान्याच्या भोंग्यावर आत-बाहेर करताय, हे मला बघवलं नसतं."

मास्तरांनी मला हलकेच टेबलावर ठेवलं.  मग त्यांनी पाय पसरले. "म्हणजे आता आख्खा आठवडा मोकळा! अरे, न्हाव्याला बोलवा, तो वाघ..."

टपली! "शाळेतल्या सरांचा मागच्या हिवाळ्यातला कोट राहिलाय," बाई म्हणाल्या.

तर मित्रांनो, शब्द दिलात तर वेळ पाळा. तुम्ही पाळली नाहीत तर कुणाला तरी रात्री उठून झेंडी बघावी लागते आणि कुणाच्या तरी डोक्यावर टपल्या बसतात. घरात माझ्यासारखं घड्याळ असेल तर त्याला वेळेवर किल्ली द्या, तेल घाला आणि हात जरा हलका ठेवा.

आणि हो, ते सर रोज दुकानावरून जातात, पण आशा सोडल्यामुळे मान वळवून बघतही नाहीत. तुम्हाला भेटले तर सांगा रे त्यांना, कोट तयार आहे!