दामिनीचे साठ गुण

मी प्रश्नावली बोलतेय. चार पानांची, वीस प्रश्नांची; प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाचमधला आकडा लिहायचा. वाढत्या वयाच्या मुलामुलींना स्वतःला किती आवरता येतं, ते मोजायला मला बनवलं. माझ्या मोजमापाचा मला गर्व आहे, तो मी लपवणार नाही. पण आज माझ्याच अंगावरची शाई मला खायला उठलीय.

वर्ध्यात झेरॉक्स होऊन आम्ही एक्कावन्न बहिणी नालवाडीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात आलो. आणणारी ज्योत्स्ना, कॉलेजात संशोधन करणारी. "नावं लिहू नका, ही परीक्षा नाही," एवढं बजावून, गठ्ठा ठेवून ती गेली.

अधीक्षिका शोभाबाईंच्या जिवाला वेगळाच घोर होता. वरून पत्र आलं होतं, मुली पन्नासच ठेवा. एकीला घरी धाडणं भाग. बाई वाईट नाहीत. वशिल्याचा बोल लागू नये म्हणून त्यांनी आम्हालाच पंच केलं.

"नावं लिहा गं. जिले सर्वात कमी गुण, थे घरी जाईन."

मी आले दामिनीच्या हाती. पंधरा वर्षांची, नववीतली. एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. शेजारच्या जयानं तिला ढोपरानं डिवचलं.

"ए येडे, सगळीकडे पाच ठोक. पाच म्हंजे जास्ती."

"राग आला का वस्तू फेकता काय, असं इचारलं हाय. मी कवा फेकली?"

"मंग जा घरी, गवऱ्या थाप."

"जाईन. पन खोटं काऊन लिहू?"

तिथं तिनं एक लिहिला. म्हणजे 'कधीच नाही'. जयाची युक्ती मात्र खोलीभर पसरली.

आता ऐका. माझे दहा प्रश्न सरळ, दहा उलटे, त्या वस्तू फेकण्याच्या प्रश्नासारखे. उलट्या प्रश्नाला एक लिहिणारीला पाच गुण द्यायचे असतात. शेवटच्या पानावर तसं छापलंय. शोभाबाईंनी ते पान उलटलंच नाही, सरळ बेरीज मारली. जयाचे शंभर, दामिनीचे साठ. नीट मोजलं असतं तर दामिनीचे शहाण्णव होते, आणि साठ जयाचे.

आज सकाळी तिची माय बायजा मजुरी बुडवून आली.

"म्याडम, पोरीनं कोनाले मारलं काय?"

"नाई ओ बाई. संयम कमी निघाला तिचा. कागदावर आहे."

"घरी तं सोता उपाशी राहून लहान्याइले जेवू घालते हे."

शोभाबाईंनी मान खाली घातली. दामिनीनं पेटी उचलली.

मी टेबलावर पडलेय, माझ्यावर तिचं नाव आहे, आणि मला तोंड नाही. स्वतःला आवरता येतं का, हे विचारण्यासाठीच मी जन्मले. तीच मी आज पदर पसरते. दामिनी, पोरी, आज आवरू नकोस. पेटी आपट. भांड. म्हण, माझा कागद माझ्यासमोर पुन्हा मोजा. एकदा, फक्त एकदा तोंड उघड.

दारापाशी ती वळली.

शोभाबाईंच्या पाया पडली आणि मायच्या मागं निघाली.