न गंजणारी चाळण

तुम्ही चिमूटभर तपकीर नाकाला लावता, ती आधी माझ्यातून गाळून येते. मी चाळण. निपाणीत जिनाप्पा अण्णांच्या तपकिरीच्या कारखान्यात असते. माझी जाळी न गंजणाऱ्या पोलादाची, विलायतेत विणलेली. १९३८ साली मुंबईच्या एका दलालाकडून मी इथं आले.

तपकिरीत मीठ असतं. लोखंडी चाळणी तिच्यापुढं चार महिनेही टिकत नसत. तारा गंजायच्या, माल तांबूस व्हायचा आणि गिऱ्हाईक तो परत पाठवायचं. म्हणून अण्णांनी लोखंडी चाळणीच्या बारापट दाम देऊन मला घेतलं. घेतलं खरं, पण त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मला उन्हात धरलं, नखानं खरवडलं, जिभेचं टोकसुद्धा लावून बघितलं.

"लोखंडच की हे. गंजायचं न्हाय म्हणजे काय?" असं पुटपुटत त्यांनी मला मालुबाईच्या हातात दिलं.

मालुबाई तिथं पंधरा वर्षं तपकीर चाळत होती. नाकातोंडाला फडकं बांधून बसायची. हात इतका हलका, की मला धक्का म्हणून कधी लागला नाही. संध्याकाळी ती मला पुसून खुंटीला अडकवायची. मग अण्णा यायचे आणि तिच्यादेखत मला उलटसुलट करून बघायचे.

दुसऱ्या वर्षी आषाढात तपकिरीत तांबडे कण निघाले.

"माझी जाळी कुणाला विकलीस?" अण्णांनी सगळ्या बायकांसमोर मालुबाईला विचारलं. "ही साधी लोखंडाची हाय. बदललीस तू."

"अण्णा, पंधरा वर्सांत चिमूटभर तपकीर तरी उचलली का मी?"

"आजवर सापडली न्हाईस, एवढंच."

बायकांनी माना खाली घातल्या. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारणार?

मालुबाई रडली नाही. म्हणाली, "मिठाच्या पाण्यात घाला हिला. चार दिस तुमच्याच कुलपात ठेवा. जाळी गंजली तर खुशाल चोर म्हणा."

चौथ्या दिवशी कुलूप निघालं. माझी जाळी लख्ख होती. गंजाचे ओघळ होते ते लाकडी चौकटीवर. माझी जाळी चौकटीला ठोकणाऱ्या नागोजी सुतारानं मला उलटं केलं.

"अण्णा, हे खिळं गंजल्यात. मी तांब्याचं मारतो म्हणालतो. लई महाग पडतात म्हणून तुमीच लोखंडाचं मारायला लावलं."

अण्णांनी एका खिळ्यावर नख घासून बघितलं. मग म्हणाले, "बदल ते. मालुबाई, बस कामाला."

ती उभीच राहिली. "मी चोर न्हाय, एवढं तोंडानं म्हणा अण्णा."

अण्णांनी नागोजीला तांब्याच्या खिळ्यांचा भाव विचारला. मालुबाईनं तोंडाचं फडकं सोडलं, झटकलं आणि ती निघून गेली. परत आली नाही.

आता सत्तेचाळीस साल उजाडलंय. मालुबाई घरीच विड्या वळते. मला हल्ली शालूबाई चालवते. तिचा हात जड आहे. अण्णा थकलेत. अधूनमधून तिला विचारतात, "मालुबाई भेटती का गं?"

"भेटती की."

"काय म्हणती?"

"काय न्हाय."

अण्णा दारापर्यंत जातात, चपला पायात घालतात, पुन्हा काढतात.

तुमचं कधी निपाणीला येणं झालं, तर अण्णांना माझं एवढं सांगा: तिचं घर दोनच गल्ल्या पलीकडं आहे, आणि दुपारची ती घरीच असते.