फुगलेला पुडा

आमच्या हिचा आवाज असा, की तिनं घरात मला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला दूधवाला "आलो, आलो" म्हणायचा. खोटं वाटेल, पण दोनदा तो दूध घेऊन हजरही झाला. नेमकी त्याच आवाजाच्या पेटीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, किरणांनी गाठ जाईल, आवाज राहील. पण मात्रा काटेकोर हवी. जास्त झाली तर गळा आतून भाजेल आणि आवाज कायमचा बसेल.

मी निर्धास्त होतो, कारण मात्रा मोजणारा माझाच मेहुणा. इस्पितळात त्याचं नाव पडलं होतं 'मिलिमीटर'. तो तिथला भौतिकतज्ज्ञ. मशीन किती किरण सोडतंय ते सकाळी मोजायचं आणि मग "घ्या पेशंट" म्हणायचं, हे त्याचं काम. बारशात बाळाला पाळण्यात ठेवायच्या आधी यानं पाळणा ओळंब्यात आहे का ते पाहिलं होतं! उभी नोकरी समुद्रकाठी केलेला हा माणूस नुकताच या डोंगरावरच्या इस्पितळात आला होता. आम्ही खालून घाट चढून त्याच्याकडे यायचो.

त्या सकाळी आठवडाभर बंद पडलेलं मशीन दुरुस्त झालं होतं, आणि दुरुस्तीवाल्यानं जाता जाता धक्का मारून मिलिमीटरचं हवेचा दाब मोजायचं यंत्र फोडलं होतं. किरण मोजायची त्याची डबी आतल्या हवेवर चालते, म्हणून त्या आकड्याशिवाय त्याचं गणित पुरं होत नाही.

"मोबाइलवर दिसतो की दाब," तंत्रज्ञबाई म्हणाल्या.

"हो, तिकडे जुन्या इस्पितळात यंत्राशी नेहमी जुळायचा," तो म्हणाला आणि त्यानं तो आकडा घातला. मी उघड्या दारापाशी बाकावर बसलो होतो. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला.

"मशीन दहावा हिस्सा कमी देतंय." त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"दुरुस्तीनंतर व्हायचंच," डॉक्टर म्हणाले. "वाढव आणि सुरू कर. आठवडा फुकट गेलाय. गाठ काय रजेवर होती?"

त्याचा हात दोनदा पुढे गेला, दोनदा मागे आला. मग त्यानं मात्रा वाढवली. बाहेर येऊन बहिणीला म्हणाला, "ताई, चल."

"डोळे ओढलेत तुझे," ही घोगऱ्या आवाजात म्हणाली. "रात्री जेवला नाहीस ना?"

तिला टेबलावर निजवून जाळीचा मुखवटा घट्ट आवळला. जाड दार सरकायला लागलं. पडद्यावर नुसते तिचे पाय दिसत होते, अंगठा हलत होता. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. अशा वेळी मला भूक लागते, त्याला इलाज नाही. पिशवीत हिच्यापासून लपवलेला वेफर्सचा पुडा काढला, तर तो टम्म फुगलेला!

"हे बघ रे," मी मेहुण्याला म्हटलं, "खाली घेतला तेव्हा चपटा होता. घाट चढता चढता गरोदर राहिला!"

तो हसला नाही. पुड्याकडे बघत राहिला. दार बंद झालं. तंत्रज्ञबाईंचं बोट बटणावर गेलं.

"थांबा!"

मी त्याचा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. शेवटी हिचाच भाऊ. त्यानं बाईंचा हात धरून बाजूला केला.

"मशीन नाही, हवा कमी आहे! मोबाइल समुद्रपातळीचा दाब दाखवतो. तिकडे आम्ही समुद्रावरच होतो, म्हणून जुळायचा. इथे हवा विरळ. मशीन बरोबरच होतं, आणि मी ते वाढवून बसलोय!"

डॉक्टर भिंतीला टेकले. हिला बाहेर काढलं. हवामान केंद्राला फोन करून इथला खरा दाब मागवला, वाढवलेलं उतरवलं, पुन्हा मोजलं. चोख. तरी त्यानं आणखी एकदा मोजलं, आणि मगच हिला परत आत घेतलं.

बाहेर आली तेव्हा गालांवर जाळीची नक्षी उमटली होती. मिलिमीटर तिला हात द्यायला पुढे झाला. तेवढ्यात हिची नजर माझ्या मांडीवरच्या पुड्यावर गेली.

"अहो! मला गिळवत नाही आणि तुम्ही चोरून वेफर्स खाताय?"

आवाज घोगराच, पण जिन्यावरचा एक वॉर्डबॉय दचकून "आलो, आलो" म्हणाला. मी काही बोलणार, तर मेहुण्यानं माझा दंड दाबला.

"भावोजी, गप्प बसा," तो डोळे पुसत म्हणाला. "बोलू द्या तिला."