पांढरोबाची बोळवण

"शेंदूर नको, फूल नको, नुसतं पानी घाल. पर त्ये घातल्याबिगर तोंडात घास घ्यायचा न्हाई."

सासूबाई हे सांगून गेल्या त्याला वर्षं लोटली, पण मळवलीच्या सरुबाईच्या कानात तो आवाज रोज पहाटे उठे. बांधावरच्या पांढरोबाला तांब्याभर पाणी घालावं, हात जोडावेत, मग घरी येऊन भाकरी खावी, असा तिचा नेम. सगळ्या मावळात दगड काळा. हा एकटाच फिकट, अंगावर मुरडलेले पट्टे असलेला. म्हणून तर तो देव.

घाटात विजेची गाडी सुरू झाली, त्या साली पुण्याचे प्रोफेसर खांबेटे हातोडी घेऊन आले आणि पांढरोबापुढं मटकन बसले. सरुबाईला वाटलं, भाविक दिसतात.

"बाई, हा इथला नव्हे," ते म्हणाले.

चावडीपुढं गाव जमलं, तेव्हा त्यांनी फोड करून सांगितलं. आपले डोंगर म्हणजे भाकरीची चवड. भुईतून तापलेला रस आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. चवडीखाली फार जुनी जमीन आहे, तिचा हा तुकडा. रसानं वर येताना त्याला ओढून आणलं.

"आणि हे पट्टे पाहा. खाली कधीकाळी दुसरेच डोंगर होते. दाबले गेले, उंच चढले, झिजून सपाट झाले. ते सगळं याच्या अंगावर उमटलंय."

मग भिमाजी पाटलांनी विचारलं, "त्या खालच्या डोंगराची पाटीलकी कुनाकडं?"

"तेव्हा माणूसच नव्हता हो."

"म्हंजी मोकळीच हाय."

"आबा, वरचं रान तुमी घेतलं," वरच्या वाडीचा कोंडू म्हणाला, "खालचं तरी ऱ्हाऊ द्या."

पण खरा घोळ म्हाताऱ्या रतनबाईनं घातला. "परगावचा पाव्हणा येवढी वर्सं ठेवून घेतला, आन एकदा बी कुनी इचारलं न्हाई, बाबा, तुला घरी जायचंय का."

गाव वरमलं. पांढरोबाची रीतसर बोळवण करायची ठरली. निघालेल्या पाहुण्याला पाणी पाजून थांबवू नये, म्हणून तोवर त्याचं पाणी बंद. सरुबाईला कुणी विचारलं नाही. ती घरच्यांना भाकऱ्या थापून वाढत राहिली. स्वतः मात्र उपाशी.

खाली जायचं तर स्टेशनाजवळच्या बंगल्याची कोरडी विहीर बरी, असं ठरलं. प्रोफेसर काकुळतीला आले. "अहो, ती जमीन कितीतरी खाली आहे. विहिरीचा तळसुद्धा काळ्याच दगडात."

"हिरीपत्तुर आमी पोचवतो," पाटील म्हणाले. "म्होरली वाट त्याला ठावं असंल."

"त्यापेक्षा मला द्या. पुण्याला नेतो."

"पुनं खाली हाय का?" पाटलांनी शांतपणे विचारलं.

पांढरोबाला नवं मुंडासं बांधलं, नारळ फोडला, संबळ वाजला. पाहुण्याला ओळखणारे तेवढेच, म्हणून दोराला पहिला हात लावायचा मान प्रोफेसरांना दिला. त्यांनी टोपी काढली आणि दोर सोडता सोडता डोळे पुसले. गावाला ते फार आवडलं.

दुसऱ्या सकाळी सरुबाईचा नवरा गेणू चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. तिचा चेहरा पार उतरला होता.

"झालं न्हवं समदं? देव गेला, नेम सुटला. आता तरी खा."

"व्हय."

"असं न्हाई. दिवस मावळायच्या आत खाशील, सांग मला."

"खाईन. सबूद दिला."

गेणू निश्चिंत होऊन शेतावर गेला. सरुबाईनं भाकरी झाकून ठेवली. एवढी लांबची वाट, पाहुणा एका रात्रीत कुठवर गेला असेल? तिनं गोठ्यातला दोर काढला. तो अपुरा वाटला, म्हणून शेजारच्या नंदाबाईचा मागून आणला आणि दोन्हींची गाठ मारली.

"कोरड्या हिरीवर दोर कशाला गं?" नंदाबाईनं विचारलं.

"पानी घालाया," सरुबाई हळूच म्हणाली, आणि भरला तांब्या हिंदकळू न देता वाटेला लागली.